तीन टकटक

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे, अवघ्या अकरा ओळींची. माझे नाव टिंबाने सुरू होते आणि अशा फायली नेहमीच्या यादीत दिसत नाहीत. त्यामुळे मी असून नसल्यासारखी.

श्रवणयंत्रांचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका बाईंनी नऊ वर्षांपूर्वी मला तयार केले. त्यांचे उजवे मनगट दुखू लागले होते. डॉक्टरांनी सांगितले होते, "टायपिंग कमी करा, नाहीतर हे काम सोडावं लागेल." तेव्हा त्यांनी कंपायलरला, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाला, द्यायच्या सूचना (फ्लॅग) माझ्यात एकेका ओळीवर मांडल्या. भाषेची आवृत्ती कोणती, कोणते फोल्डर कुठे. मला वाचून एडिटरला, म्हणजे त्या ज्यात प्रोग्रॅम लिहीत त्या सॉफ्टवेअरला, त्यांच्या प्रोग्रॅममधले शब्द कळत. बाई तीन अक्षरे टाइप करत, उरलेला शब्द तो पुरा करी.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणे, "ताई, सगळं हाच लिहितो. उद्यापासून तुमची खुर्ची यालाच देऊ."

"दे की. मीटिंगलाही त्यालाच पाठव."

कौतुक एडिटरचे होई. माझे नाव कधी निघाले नाही.

मग नवा संगणक आला. सहकाऱ्याने सगळ्या फायली तिकडे नेल्या. त्या 'सगळ्या'त टिंबवाल्या येत नाहीत, हे घाईत त्याच्या ध्यानात राहिले नाही. जुना संगणक टेबलाखाली सरकवला गेला आणि त्याच्यात मी.

वरचे आवाज मला ऐकू येत. पूर्वी तीन टकटक व्हायच्या, मग विराम. आता एडिटर शब्द पुरे करत नव्हता; टकटक थांबतच नसे. चौथ्या दिवशी बाईंनी मनगटाला पट्टा बांधला.

"राजीनामा द्यायचा तर तोही टाइपच करावा लागणार," त्या म्हणाल्या. सहकारी या वेळी हसला नाही.

"ताई, जुन्यावर शब्द आपोआप पुरे व्हायचे ना? मग एडिटरला कुणीतरी सांगितलेलं असणार."

बाई थबकल्या. "मीच सांगितलं होतं रे. विसरूनच गेले."

त्यांनी जुना संगणक सुरू केला, लपलेल्या फायलींसकट यादी मागवली आणि मला उघडले. पहिल्या ओळीत त्यांचीच टीप होती: 'हात दुखतो म्हणून.' ती त्यांनी दोनदा वाचली. मग मला नव्या संगणकावर नेऊन फोल्डरांचे पत्ते तेवढे बदलले.

नेली ती माझी प्रत. मी इथेच आहे. शुक्रवारी ही डिस्क पुसणार आहेत.

मित्रांनो, सामान हलवताना, जे दिसत नाही त्याचीही एकदा चौकशी करा. स्वतःसाठी काही करून ठेवले असेल, तर कुठे ठेवले तेही लिहून ठेवा.

वर टेबलावर तीन टकटक होतात. मग विराम. तो विराम माझा आहे.