सरळ टीप

मास्तरांनी शिवलेली पँट घातली की वाकडा माणूसही सरळ दिसतो, असं गिऱ्हाइकं म्हणायची. मास्तर टेलर असले तरी माणूसच, त्यांना ते खरं वाटायचं. बायकोच्या हातशिलाईवर मात्र त्यांनी जन्मभर तोंडसुख घेतलं. "टाके आहेत की वाट चुकलेल्या मुंग्या?" तीही ऐकून घेणारी नव्हती. "तुमच्या मशीनच्या टिपेला ऊब असते का हो?"

गेल्या वर्षी तिची नजर गेली. त्याआधी कितीतरी वर्षं जमेल तशी शिवत तिने एक गोधडी पुरी केली होती. आता झोपताना ती तिच्यावरून बोटं फिरवायची. "इथे डुलकी लागली होती. इथे नातीच्या जन्माची बातमी आली. आणि इथे तुमच्याशी भांडले होते, बघा टाका कसा आवळलाय!" मास्तर नुसतं हूं म्हणून कूस बदलायचे.

ती लेकीकडे राहायला गेली आणि मास्तरांनी नको ते केलं. घाईची पँट होती, इस्त्रीखाली घालायला दुसरं जाड काही हाताशी नव्हतं, म्हणून गोधडीच अंथरली. तेवढ्यात शेजारी दारात आला, गप्पा रंगल्या आणि तापलेली इस्त्री गोधडीवर तशीच राहिली. वास आला तेव्हा दोन थर जळून आरपार भोक पडलं होतं.

जळक्या कडा कापून मास्तरांनी आत जुनं कापड भरलं, वर ठिगळ लावलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण जित्याची खोड! ठिगळ असं झकास बसलं की शेजारचे टाके फारच गबाळे दिसू लागले. हात शिवशिवले. एक ओळ उसवून त्यांनी मशीनवर टीप मारली. मग तिच्या शेजारची. आपण बायकोसाठी कधीच काही शिवलं नव्हतं, हे त्यांना मध्येच आठवलं आणि मग तर ते थांबेचनात. सगळी गोधडी वहीच्या पानासारखी आखीव झाली. मास्तर खुशीत होते.

ती परत आली, आडवी झाली, गोधडी ओढली आणि थबकली.

"अहो, ही कुणाची?"

"तुझीच. माझ्या हातून इस्त्रीने जळली. मग सगळीच नीट करून टाकली."

तिची बोटं या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. ती काय शोधतेय ते मास्तरांना आत्ता कुठे कळलं. उसवलेला दोरा तर त्यांनी केव्हाच झाडून टाकला होता. तिने भांडावं, वाट्टेल ते बोलावं, असं त्यांना मनापासून वाटलं.

ती भांडली नाही. उठून बसली, कोपऱ्याला कोपरा जुळवून तिने गोधडीची घडी घातली.

"छान झालीय हो," ती म्हणाली. "पाहुणे आले की काढू. मला ती साधी चादर द्या."