एकशे तेराचा निकाल

मी एक जुना आवाजमापक आहे. तळहातावर मावेन एवढा, अंगाने पिवळा आणि डोक्यावर काळ्या स्पंजाचा गोळा. मित्रांनो, तो गोळा पाहून कोणी मला माईक समजतं, कोणी रिमोट, आणि एका पाहुणेबाईंनी तर मला दाढीचा ब्रश समजून न्हाणीघरात नेऊन ठेवलं होतं. त्याचा मला राग नाही. राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तो सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझं काम अगदी साधं आहे. बटण दाबलं की आजूबाजूला किती आवाज आहे ते मी आकड्यात सांगतो. घरात माणसं बोलतात तेव्हा मी साठच्या आसपास असतो. मिक्सर लावला की पंचाऐंशी. याच्या वरचा आवाज रोज तासन्‌तास कानावर पडला तर कान जातात, आणि शंभराच्या वर गेला तर फार वेळ लागत नाही. म्हणजे माझा आकडा चढतो तेव्हा मी खरं तर ओरडत असतो, ‘अरे, लांब व्हा!’ एवढंच लक्षात ठेवा. ज्यांनी ते लक्षात ठेवलं नाही त्यांचीच ही हकिकत आहे.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी आलो तेव्हा नवाकोरा होतो. मला हाताळायचं काम नागोरावांकडे आलं. नागोराव हिंगोलीकडचे. पोटासाठी बोईसरला आले आणि इथलेच झाले. महिन्यातून एकदा मला गळ्यात अडकवून ते सगळ्या शेडमध्ये फिरत, प्रत्येक मशीनपासून मोजून एक मीटरवर उभे राहत आणि मी दाखवलेला आकडा मोठ्याने सांगत. वर्षातून एकदा माझी तपासणी होई आणि पाठीवर ‘बरोबर’ अशी हिरवी चिठ्ठी चिकटवून मी परत येई. अठरा वर्षांत एकदाही मी चुकलो नाही. बढाई नव्हे, चिठ्ठ्या अजून आहेत.

कॉम्प्रेसरच्या खोलीत मी एकशे दोन दाखवायचो. नागोराव सगळ्यांना कानात प्लग घालायला सांगायचे. ऐकतो कोण? पालथ्या घड्यावर पाणी! आणि खरं सांगू का, नागोराव स्वतः तरी कुठे घालत होते? “प्लग घातला की मशीनचा बारीक आवाज कळत नाही. बिघाड आधी कानाला कळतो,” असं ते म्हणायचे. स्वतःचा बिघाड मात्र त्यांना कळला नाही. एका वर्षीच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं, “डावा कान गेलाय. उजवा शाबूत आहे, तेवढा जपा.” त्या दिवसापासून त्यांच्या पत्नी, सुगंधाबाई, चालताना, बसताना, जेवताना कायम त्यांच्या उजव्या बाजूला असतात. त्या हळू बोलतात. बावन्न, फार तर पंचावन्न. मी मोजलंय.

मागच्या वर्षी नागोराव निवृत्त झाले. कारखान्यात नवं यंत्र आलं होतं, म्हणून साहेबांनी निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळाबरोबर मलाही त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, “तुम्हा दोघांची जोडी तोडवत नाही.” माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक ते. त्यानंतर मी फ्रिजवर धूळ खाऊ लागलो. संध्याकाळी मात्र नागोराव सवयीने मला शर्टाच्या खिशात टाकत आणि स्टेशनजवळच्या टपरीवर चहाला जात. तिथेच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

टपरीवर कारखान्यातली दोन माणसं रोज यायची, नीलेश आणि बबलू. दोघांचं काम एकाच शेडमध्ये, डबाही एकत्र खायचे, पण बेंजोचा विषय निघाला की एकमेकांचं तोंड पाहवत नसे. बेंजो म्हणजे तारांवरची बटणं दाबून वाजवायचं वाद्य. आमच्याकडे त्याच्या जोडीला ढोल, ताशा आणि टेम्पोवर माणसाच्या उंचीचे स्पीकर लावून बेंजो पार्टी निघते, आणि तिच्याशिवाय कुणाची हळद म्हणून लागत नाही. नीलेश माकुणसारचा, त्यामुळे तो गावच्या ‘मोहोर’ बेंजोचा भक्त. बबलू आधी शिरगावात भाड्याने राहायचा, म्हणून तो तिथल्या ‘किल्लेदार’ बेंजोचा. दोघांनी आपापल्या पार्टीच्या नावाचे टी-शर्ट शिवून घेतले होते. त्यांच्यामागे असेच टी-शर्टवाले आणखी पन्नास-साठ जण होते.

“मोहोरची मे महिन्यातली एक तारीख रिकामी दाखव,” नीलेश म्हणायचा. “आमच्याकं आदी मोहोरची तारीख घेतात, मंग गुरुजींना मुहूर्त इचारतात.”

“तारीख का क्या है? किल्लेदार का वीडियो देख. हफ्ते में दो लाख लोगों ने देखा है,” बबलू फोन नाचवत म्हणायचा.

“मांजराचे व्हिडिओ पन दोन लाख लोक बगतात!”

हे रोज. कोणाच्या मागे किती गर्दी, कोणाचा टेम्पो मोठा, कोणाच्या हळदीला पोलीस आले. होय, पोलीस येणं हेही लोकप्रियतेत धरत होते! कोण काय वाजवतो, कसं वाजवतो, कोणाची चाल गोड, हे मी सहा महिन्यांत एकदाही ऐकलं नाही. खिशात बसून ऐकून ऐकून माझा स्पंज विटला. दोघांच्या भांडणात मी पंच्याहत्तर दाखवत होतो, पण खिशातला आकडा कोण बघणार?

आणि मग नीलेशच्या बहिणीचं, जमुनाचं लग्न ठरलं. कुठे? शिरगावात! नवऱ्याकडच्यांनी अर्थातच किल्लेदार सांगितला. आता आमच्याकडची रीत अशी की आधी नवरदेवाला हळद लागते, आणि उरलेली उष्टी हळद वाजतगाजत नवरीच्या घरी येते. ती आल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. म्हणजे किल्लेदार वाजवत येणार ते थेट मोहोरच्या अंगणात. भक्तांना आणखी काय पाहिजे होतं?

“होऊंदे एकदाचा निकाल,” नीलेश म्हणाला.

“निकाल देगा कौन? तू?” बबलूने विचारलं, आणि त्याची नजर नागोरावांच्या खिशाकडे गेली. “काका, आपका मशीन! मशीन झूठ नहीं बोलता.”

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं तर मी बोललो असतो. मी आवाज मोजतो, आवड नाही! फुटकं पातेलं बडवलं तरी माझा आकडा चढतो. पण ज्या आकड्याने मी धोका सांगतो, तोच या शहाण्यांना गुणांचा आकडा वाटला. नागोरावांना हे कळत नव्हतं असं नाही. तरी ते हो म्हणाले.

घरी सुगंधाबाई भडकल्या. “अवो, एक कान कारखान्याला देऊन झाला. दुसरा आता लग्नात वाटायचाय का?”

“अगं, अठरा वर्षं आकडे सांगत फिरलो. एकानं मान वर करून पाहिलं नाही,” नागोराव म्हणाले. “आता दोन गावं मला आकडा विचारायलीत. प्लग घालतो की.”

सुगंधाबाईंनी स्वतः प्लगची डबी शोधून त्यांच्या खिशात, माझ्या शेजारी ठेवली. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि नागोरावांचंही, कारण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

रविवारी दुपारी चारला आम्ही माकुणसारला पोचलो. जमुना मांडवात पाटावर बसली होती. दारात मोहोर वाजत होता. थोड्या वेळाने हळदीचं ताट घेतलेल्या शिरगावच्या बायका आल्या आणि त्यांच्यामागून किल्लेदारचा टेम्पो. नागोरावांनी अंगणाच्या मधोमध चुन्याने रेघ मारली, दोन्ही टेम्पो तिच्यापासून सारख्या अंतरावर उभे करायला लावले, उजव्या कानात प्लग घातला आणि मला हातात उंच धरलं. इथपर्यंत सगळं शिस्तीत होतं.

मोहोर, एकशे एक. नागोरावांनी बोटांनी दाखवलं. किल्लेदार, एकशे चार. शिरगावकर नाचले. लगेच मोहोरच्या भक्तांनी टेम्पो दोन हात पुढे ढकलला. आता माझ्या जवळ येईल त्याचा आकडा मोठा, हे शेंबड्या पोरालाही कळेल! मग किल्लेदारचाही टेम्पो पुढे आला. चुन्याची रेघ चाकाखाली गेली. एकशे सात. एकशे नऊ. मी जीव तोडून सांगत होतो, लांब व्हा, आणि प्रत्येक आकड्याला टाळ्या पडत होत्या. मला आयुष्यात इतक्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या आणि इतकी चीडही कधी आली नव्हती.

मधेच मोहोरचा देवू, जो खरोखर सुरेख बेंजो वाजवतो, थांबला. त्याच्या दोन तारा तुटल्या होत्या. तो हात वर करून उभा राहिला. कोणाचं लक्ष नाही! ढोल-ताशा चालूच, भक्त किंचाळतच होते. मित्रांनो, बेंजो बंद पडल्यावर मोहोरचा आकडा दोनने वाढला. यावर मी आणखी काय बोलू?

मग भक्तांनी नवा घोष सुरू केला. “काका! काका! काका!” दोनशे माणसं नागोरावांकडे पाहून ओरडत होती. नागोरावांना ओठ हलताना दिसत होते, ऐकू मात्र नीट येत नव्हतं. त्यांनी जरा वेळ इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच उजव्या कानातला प्लग काढला.

मी त्यांच्या हातात होतो. माझ्यावर एकशे तेरा होता. त्यांनीच अठरा वर्षं लोकांना समजावलेला आकडा, त्यांच्याच डोळ्यांसमोर. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. ते हसत होते. आपलं नाव ऐकत होते. दोन्ही पार्ट्या एकदम वाजत होत्या, आणि ते प्लग हातात धरून पंचवीस मिनिटं तसेच उभे राहिले.

हे सगळं थांबवलं ते नवरीच्या आत्याने, गोजराबाईंनी. हळदीचं ताट घेऊन त्या थेट दोन टेम्पोंच्या मधे येऊन उभ्या राहिल्या आणि कडाडल्या, “हलद सुकली रे मेल्यांनो! माजी पोरगी कवाधरनं कानांवर हात ठेवून बसलीय. तुमची हलद हाय का तिची?”

ढोल थांबले. ताशे थांबले. स्पीकर बंद झाले. बायका लगबगीने मांडवात गेल्या, माणसं बोलू लागली, हसू लागली, कोणी पाणी मागू लागलं. मी अडुसष्ट दाखवला.

नागोरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग आजूबाजूच्या बोलणाऱ्या तोंडांकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे. त्यांनी मला हलवलं, तळहातावर आपटलं, मागची बॅटरी काढून परत घातली. मी अडुसष्टच दाखवला. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना वाटलं की मी चुकतोय.

“काका, फायनल कोन?” नीलेशने विचारलं.

“काय?”

“कौन जीता, काका?” बबलू जवळ येऊन म्हणाला.

“काय?” नागोराव म्हणाले. “मोठ्यानं बोल. सगळे एवढं हळू का बोलायलेत?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, माझ्यात साठवलेला सगळ्यात मोठा आकडा शोधून काढला, तो दोन्ही पार्ट्या एकदम वाजत असतानाचा एकशे तेरा होता, आणि बरोबरी झाली म्हणून पुन्हा भांडायला लागले.

पालघरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत. थोडं परत येईल म्हणाले, सगळं नाही. सुगंधाबाईंनी एकदाही ‘मी सांगत होते’ असं म्हटलं नाही. त्यांना काही सांगायचं असलं की त्या समोर येऊन उभ्या राहतात आणि त्यांच्या मानाने फार मोठ्याने बोलतात. मी मोजतो, ऐंशी येतो. एवढ्या आवाजात त्यांना खोकला लागतो, आणि नागोरावांना तरी निम्मंच कळतं.

परवा त्या भाजीला गेल्या असताना नीलेश आणि बबलू घरी आले. अंगात तेच टी-शर्ट.

“काका, बरोबरी आमाला मान्य नाय,” नीलेश म्हणाला. “पुडच्या महिन्यात केळव्याला परत लावतोय. मशीन घेऊन तुमीच यायचं.”

“आपके बिना मजा नहीं, काका,” बबलू म्हणाला.

नागोराव त्यांच्या तोंडाकडे बघून हसले. मान डोलावली. पुन्हा डोलावली. दोघं खूश होऊन निघून गेले. मी फ्रिजवरून पाहत होतो, आणि माझा नुसता जळफळाट होत होता.

सुगंधाबाई परत आल्या तेव्हा टेबलावर दोन रिकामे कप होते. त्यांनी हातानेच विचारलं, कोण आलं होतं?

“नीलेश अन् बबलू,” नागोराव म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. “चांगली पोरं आहेत गं. मला बरं आहे का, ते विचारायला आली होती.”

मित्रांनो, कोणाचा बेंजो मोठा यावर खुशाल भांडा, भांडायला कोणाची ना नाही. पण जो आवाज ऐकायचा त्याच्यापासून चार पावलं लांब उभे राहा, कानात कापूस असेल तर तो कोणी नाव घेतलं म्हणून काढू नका, आणि माझ्यासारख्याने आकडा दाखवला तर टाळ्या वाजवू नका. एवढं करा. आणि बोईसरला गेलात तर एकदा नागोरावांच्या घरी जा आणि त्यांना बरं आहे का ते विचारा. समोर उभे राहा आणि सावकाश विचारा, कारण अजून कोणीही विचारलेलं नाही.