नळ असलेली वाडी

"शेळी बांदाया नळ दिलाय का गं सरकारनी?" धाकलूने बायकोला विचारलं.

"मंग काय बांदू? पानी?" दारातल्या नळाच्या खांबाला सोनाबाईने दाव्याची गाठ मारली. "पानी नाय तर नाय, शेळी तरी उबी ऱ्हाऊ द्या हितं."

घाटाखालच्या आमच्या वाडीत दारोदार नळ आहे. मागल्या उन्हाळ्यात बसवला, प्रत्येक बाईला शेजारी हसत उभं करून फोटो काढला. नळाची पाइप टाकीपर्यंत पोचलेलीच नाही. पण पाइप जमिनीखाली असते, फोटोत येत नाही. यंदा विहिरीचा तळ उघडा पडला, तेव्हा कळलं की नळ असलेल्या वाडीला टँकर मिळत नाही.

सोनाबाई बायकांना घेऊन पंचायतीत गेली. राजेश भाऊसाहेब पूर्वी ग्रामसेवक होते. कारभार सुधारायचा म्हणून सरकारने त्यांना ग्रामपंचायत अधिकारी केलं. खुर्ची तीच.

"मावशी, मोबाइलमधल्या सरकारी नोंदीत तुमच्या दारात नळ दिसतोय. मी काय करणार?"

"मंग मोबाइलातनंच हंडा भरून द्या, भाऊसाहेब."

"नळ नसता तर आजच टँकर लावला असता. नियम आहे."

"नळ नसंल तर टँकर?"

"हो, तसंच."

"बरं हाय," म्हणून सोनाबाई उठली. बाईला नियम समजला, असं भाऊसाहेबांना वाटलं. समजलाच होता.

दुसऱ्या दिवशी बायकांनी घरोघरचे नळ पान्याने सोडवले, पाटीत भरले आणि भाऊसाहेबांच्या टेबलावर ओतले.

"अहो, ही सरकारी मालमत्ता आहे! गुन्हा दाखल होईल!"

"करा की. पन त्यात ल्हिवा, वाडीत नळ नाय."

गुन्हा म्हटला की पोलीस येणार, नळामागची पाइप शोधणार. भाऊसाहेबांनी सगळ्यांना चहा मागवला. मग स्वतः वाडीत येऊन उघड्या खांबांचे फोटो काढले. या वेळी कोणाला हसायला सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात टँकर आला. विहिरीत पाणी पडत होतं, तेवढ्यात मागून टेंपो आला. त्यातून खोपोलीचा फिटर झुहेब उतरला, हातात नळांची पिशवी.

"मावशी, परत बसवायचेत. वरून ऑर्डर हाय."

सोनाबाईने त्याला सावलीत बसवलं आणि नुकत्याच शेंदलेल्या पाण्याचा तांब्या पुढे केला.

"आदी पानी पी रं बाबा. आन् घाई करू नको. पावसाळ्यात बसव."