लाइन सोडली

कापड रंगवण्याच्या कारखान्यात नवं सॉफ्टवेअर बसत होतं. कोणाला त्यात काय हवंय ते विचारून लिहून काढण्याचं काम वहिनीकडे होतं. तिचा धाकटा दीर तिथेच फिटर. त्याचं ऐकून सगळेच तिला वहिनी म्हणू लागले होते.

तिने फिटरांना वेगळं विचारलं, बॉयलरवाल्यांना वेगळं. दोघांनीही सांगितलं, "'लाइन सोडली' असं एक बटण द्या, बास." एकमत झालेलं पाहून तिला हायसं वाटलं.

चाचणीच्या दिवशी ती बॉयलरच्या खोलीत बसली होती. खाली वाफेच्या पाइपाची दुरुस्ती चालू होती. पडद्यावर अक्षरं उमटली: लाइन सोडली.

"चला, वाफ सोडू," म्हणत ऑपरेटरने झडपेच्या चाकाला हात घातला.

तिला एकदम आठवलं. परवाच दीर जेवताना म्हणाला होता, "सामान मिळेना, शेवटी लाइन सोडली अन् आलो." सोडली म्हणजे अर्धवट टाकली!

"थांबा! फिरवू नका!"

"अहो, लाइन मोकळी झाल्याचं फिटरांनीच कळवलंय ना!"

"त्यांची 'सोडली' वेगळी असेल."

तिने दिराला फोन लावला. तो नुसताच वाजत राहिला. दारातून व्यवस्थापक ओरडले, "रंग थंड पडतोय! कुणाची वाट बघताय?" ऑपरेटर एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा तिच्याकडे. हात चाकावरच.

अखेर फोन उचलला गेला. "भाऊजी, लाइनचं काय झालं?"

"सोडलीय की. बोल्ट कमी पडले, पोरं आणायला गेलीत. मी पाइपाच्या तोंडाशीच बसलोय. का हो?"

"आधी तिथून उठा," एवढंच तिला बोलवलं. ऑपरेटरने चाकावरचा हात काढला.

चाचणी थांबली. व्यवस्थापकांची बोलणी तिने मुकाट्याने खाल्ली आणि फिटर, बॉयलरवाले सगळ्यांना एका खोलीत कोंबलं. एकाने सांगायचं, दुसऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. खडाजंगी उडाली. "'पाइप उघडा' लिहू," एक फिटर म्हणाला. "मग मी उघडीनच की!" ऑपरेटर उसळला. शेवटी दोन बटणं ठरली: 'काम अपुरं, वाफ नको' आणि 'पाइप जोडला, माणसं बाहेर'.

घरी जाताना स्कूटरवर मागे बसलेला दीर तिच्या कानाशी वाकला.

"दादाला सांगू नका, वहिनी."

"नीट धरून बसा, भाऊजी," म्हणत तिने स्कूटर हळू केली.