मिठाला न मरणारी गोगलगाय

सांगलीत कृष्णेचं पाणी चढू लागलं, तशी राजनंदिनीने कॉलेजच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेतली काचेची पेटी उचलली आणि गाडीतून सासरी, कोरेगावजवळच्या गावी आणली. कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची. पेटीत बादलीभर समुद्राचं पाणी होतं आणि मालवणच्या खडकांतून आणलेल्या पाच गोगलगायी. तुरीच्या दाण्याएवढ्या. शंख बुडबुड्यासारखा पातळ. आतलं हिरवं अंग आणि त्यावरचे नारिंगी ठिपके आरपार दिसायचे. त्यांतल्या एकीने काचेला अंड्यांची फीत चिकटवली होती. त्यांतून निघणारी पिल्लं पोहतात की रांगतात, हे अजून कुणी पाहिलेलं नव्हतं. ते पाहण्यासाठी राजनंदिनी कितीतरी महिने थांबली होती.

पेटी सोप्यात ठेवताना सासूबाईंनी आत काय आहे म्हणून विचारलं, आणि तिने खरं सांगितलं.

त्या पावसाळ्यात गावाचा घेवडा शंखी गोगलगायींनी खाल्ला होता. लोक टोपल्या भरभरून त्या वेचत आणि मिठाच्या पाण्यात टाकून मारत. दुपारी शेजारचा अर्जुना आणि आणखी दोघे सोप्यात येऊन बसले. धाकटा दीर दिग्विजय उभाच होता.

"वहिनी, आमी रानात वेचून दमलो, आन् तुमी घरात पाळताय व्हय?"

या समुद्रातल्या आहेत, शेवाळ खातात, गोड्या पाण्यात जगत नाहीत, असं तिने सांगितलं. त्यावर अर्जुना म्हणाला, की रानातलीबी पयल्यांदा कुणीतरी शिकल्यालंच घेऊन आलं आसंल. बाकीचे हसले.

दिग्विजय आत गेला. मूठभर खडेमीठ घेऊन आला आणि तिने हात धरायच्या आत पेटीत टाकलं. सगळे वाकून पाहत राहिले. खडे तळाशी बसले. एक गोगलगाय त्यांना वळसा घालून पुढे गेली.

"मिठानंबी मरंना," अर्जुना हळू आवाजात म्हणाला. आता कुणी हसलं नाही.

समुद्राचं पाणी मुळातच खारट असतं, हे तिने दोनदा सांगितलं. तोवर एक जण मोरचूद आणायला उठला होता. मोरचूद पडलं असतं तर अंडीही गेली असती. राजनंदिनी सासऱ्यांकडे वळली. लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. त्यांच्या शब्दापुढे गावात कुणी जात नसे.

"मामा, एक मी मारून दाखवते. मग बाकीच्यांना कुणी हात लावायचा नाही."

लालासाहेबांनी मान हलवली.

तिने वाटीत विहिरीचं पाणी घेतलं आणि चमच्याने एक गोगलगाय त्यात सोडली. ती फुगली, शंखात मावेनाशी झाली, आणि हलायची थांबली. वाटी हातोहात फिरली.

"म्हंजे वड्याच्या पान्यात गेली तर जगायची न्हाई," लालासाहेब म्हणाले.

"नाही."

ते उठले. कोपऱ्यातली विहिरीच्या पाण्याने भरलेली घागर त्यांनी उचलली आणि पेटीत उपडी केली. पाणी काठांवरून सोप्यात वाहिलं.

"मामा, तुम्ही मान हलवली होती."

"तू सांगत हुतीस ते ऐकत हुतो. आन् खरंच सांगितलंस."

तिने भिंग काढलं आणि पेटीवर वाकली. चारही गोगलगायी फुगल्या होत्या. फीत काचेवरून सुटली; अंडी एकेक करून फुटत होती. त्यांतून बारीक ठिपके बाहेर पडले आणि वर निघाले. स्वतःच्या जोराने, वळणं घेत. पिल्लं पोहणारी होती. मग ती खाली बसू लागली.

"त्ये पानी गटारात न्हाई वतायचं, गटार वड्याला मिळतंय," दिग्विजय म्हणाला. "परड्यात वांग्याच्या वाफ्यात वता, तितंच मुरंल. आमच्या डोळ्यांम्होरं."

दुपारभर तिने सगळं समजावून सांगितलं होतं. आता काहीच सांगितलं नाही. पेटी घेऊन ती घरामागच्या परड्यात गेली आणि एकाएका रोपाच्या मुळाशी सावकाश, थेंबही बाजूला न सांडता, ते खारट पाणी ओतलं.