पोकुवाच्या गालावरची चीर

मित्रांनो, टेबलाखाली चपलांच्या शेजारी धुळीने माखलेला जो डबा दिसतो, तो मी. घानातल्या कुमासी शहरात ब्रेम्पोंगचा फोटो स्टुडिओ आहे, तिथला जुना संगणक. माझा पंखा घरघरतो. त्याचं आता काही वाटत नाही. खरं सांगायचं तर मला कशाचंच फारसं वाटत नाही.

नवा होतो तेव्हा ब्रेम्पोंग माझ्यावर इस्त्री केलेला रुमाल घालायचा आणि गिऱ्हाइकांना सांगायचा, "हा माझा थोरला." काम एकच. कॅमेऱ्यातून कच्च्या फायली यायच्या. कॅमेऱ्याने पाहिलेलं सगळं त्यांत असतं. पण कसावाचा कच्चा कंद जसा ताटात वाढता येत नाही, तशी ती फाईल गिऱ्हाइकाला देता येत नाही. फोनवर उघडत नाही, छापणाराही घेत नाही. मी तिचा जेपेग करायचो. जेपेग आटोपशीर असतो, सगळीकडे चालतो. मात्र तो करताना जे गाळलं, ते त्यातून परत मिळत नाही.

काय गाळायचं ते ब्रेम्पोंग ठरवायचा. रंग उजळ, सुरकुत्या गायब, डाग साफ. "देवाने घाईत केलं, मी सावकाश करतो," म्हणायचा. लोक खूश व्हायचे. फोटो नेला की कच्ची फाईल पुसून टाकायची, हा त्याचा नियम, कारण माझ्या पोटात जागा कमी. मीही पुसत गेलो.

एकदा पोकुवा आली. बाजारात धुरी दिलेले मासे विकायची. डाव्या गालावर छोटी आडवी चीर होती. आठवड्याने फोटो घ्यायला आली आणि बघतच राहिली.

"ही कोण बाई?"

"तूच की, आंटी. वीस वर्षांनी लहान दिसतेस बघ."

"मग हिलाच दे तो फोटो," म्हणाली आणि निघून गेली. पुन्हा आली नाही. तिची कच्ची फाईल 'न नेलेले' या कप्प्यात तशीच राहिली.

पुढे दुकानात लॅपटॉप आला. जेपेग सगळे त्याच्यात गेले आणि मी टेबलाखाली गेलो. तीन वर्षं कुणी बटण दाबलं नाही.

गेल्या महिन्यात पोकुवा वारली. इकडे माणसाला पुरण्याआधी काही दिवस घराच्या फाटकावर त्याच्या फोटोचा फलक लावतात. तिची लेक सेर्वा तसा मोठा फलक करून घ्यायला आली. ब्रेम्पोंगने लॅपटॉपमधला तोच उजळ चेहरा छापून दिला. मरणानंतर आठव्या दिवशी फलक लागला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सेर्वा आपल्या मावशीला घेऊन दुकानात हजर.

"ब्रेम्पोंग, आमच्या फाटकावर कुणाला टांगलंस रे?" मावशीने विचारलं.

"पोकुवालाच, मावशी. किती छान आलीय."

"चीर कुठाय?"

"तो डाग होय? काढला. त्याचे वेगळे पैसेही घेतले नाहीत."

"डाग? आमच्या आईची चार पोरं पाठोपाठ गेली. मग ही झाली. मरणाला नकोशी वाटावी म्हणून आईने तिच्या गालावर चीर पाडून घेतली, दुसरं नावही ठेवलं, सुमिना. म्हणजे उकिरडा. त्या चिरेच्या जिवावर एकसष्ट वर्षं जगली ती. शनिवारी पुरल्यावर आईकडे जाईल, तेव्हा आई तिला कशावरून ओळखणार?"

ब्रेम्पोंग चाचरत म्हणाला, "मी चीर परत रेखून देतो ना. दोन मिनिटांचं काम."

"कुठल्या गालावर होती?"

त्याचं बोट आधी उजव्या गालाकडे गेलं, मग डाव्या.

सेर्वा आईच्या मरणापासून रडली नव्हती. उठत होती, जेवत होती, इतकंच. ती सपाट आवाजात म्हणाली, "माझ्याकडे आईचा दुसरा फोटो नाही. त्या फोटोनंतर तिने काढूच दिला नाही."

तेव्हा ब्रेम्पोंगने वाकून टेबलाखाली पाहिलं.

तिसऱ्या खेपेला मी चालू झालो. 'न नेलेले' कप्पा उघडला. फाईल होती. चेहरा पडद्यावर आला आणि सवयीने ब्रेम्पोंगचा हात उजळ करायच्या पट्टीवर गेला.

"हात काढा," सेर्वा म्हणाली.

त्याने हात काढला. फाईल जशी होती तशीच मी जेपेग केली. माझ्या आत खडखड होत होती, वेळ लागला, पण झाली. सुरकुत्या, धुराने लाल झालेले डोळे, डाव्या गालावर चीर.

सेर्वाने पडद्यावर, त्या चिरेवर बोट ठेवलं. "झोप लागेपर्यंत माझं बोट इथेच असायचं," ती म्हणाली, आणि मग रडली. मावशीने तिला रडू दिलं.

फलक शुक्रवारी बदलला. मी पुन्हा टेबलाखाली आहे. ब्रेम्पोंग आता गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय काही पुसत नाही.

मित्रांनो, जेपेग हवे तितके करा, पण कच्ची फाईल जपून ठेवा. पोकुवा रुसून गेली म्हणून तिचा चेहरा वाचला. बाकीचे लोक फोटो घेऊन हसत हसत गेले. त्यांच्यापैकी कुणाची लेक उद्या या दारात आली, तर तिला द्यायला माझ्याकडे काहीच नाही.