उठायचं नाही

वहिनींच्या तोंडून 'नाही' हा शब्द कधी कुणी ऐकलाच नव्हता. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली तर वहिनी डबाच पुढे करायच्या. मुलांनी "आई, शर्ट आत्ताच्या आत्ता हवा," म्हटलं की जेवण अर्धं टाकून इस्त्री तापवायच्या. "बरं" म्हणायचं आणि पदर खोचायचा, एवढंच त्यांना ठाऊक. या 'बरं'वर सगळ्यात जास्त हक्क गाजवला तो वन्संनी. वन्सं म्हणजे नणंद, नवऱ्याची बहीण. वयाने धाकटी, रुबाब मात्र सासूचा. त्यांच्याकडे रविवारी पाहुणे असले की वहिनी सकाळपासून त्यांच्या ओट्याशी उभ्या. आणि पाहुणे नाहीत असा रविवार वन्संकडे शोधूनही सापडायचा नाही.

आता गंमत बघा. हाच 'बरं' वन्संना दवाखान्यात मात्र डोळ्यांत खुपायला लागला.

वन्सं एका कायरोप्रॅक्टरकडे मुख्य असिस्टंट होत्या. हाताच्या नेमक्या दाबाने पाठ-मान मोकळी करणारे ते डॉक्टर. मुलं नोकऱ्यांना लागून दूर गेली, घर खायला उठलं, तेव्हा वन्संनीच वहिनींना तिथे शिकायला नेलं. वहिनी पटापट शिकल्या. शेकायची पिशवी गरम पाण्यातून काढून टॉवेलच्या घड्यांत कशी गुंडाळायची, तोंडासाठी भोक असलेल्या त्या बाकावरचा कागद दर पेशंटला कसा बदलायचा, दुखणं कधीपासून आणि कुठून कुठे जातं हे कसं विचारायचं. आडव्या माणसाला उठवायची रीत तर त्यांनी घरी नवऱ्यावर घोटून घेतली: आधी कुशीवर, मग गुडघे दुमडून पाय खाली, मग हाताचा रेटा. नवरा बिचारा रोज चहाच्या आधी उठवला जायचा. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की असिस्टंटने मणक्याला हात लावायचा नाही. दाबणं, वळवणं हे काम डॉक्टरांचं.

वहिनींना ते काम मनापासून आवडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सकाळी कुठेतरी पोहोचायची घाई असायची. तिथे त्या कुणाची आई नव्हत्या, कुणाची बायको नव्हत्या. वहिनी मात्र होत्या, कारण वन्संमुळे डॉक्टरही त्यांना वहिनीच म्हणायचे.

पण कायम व्हायचं तर परीक्षा होती, आणि ती डॉक्टर स्वतः पेशंट बनून घ्यायचे. तरुणपणी नाटकात कामं केलेला माणूस; हौस कुठे जाणार? मागच्या वेळी ते तापट म्हातारा बनून आले. शेक घेऊन झाल्यावर गुरगुरले, "सोडा मला! माझा मी उठतो!" आणि वहिनी सवयीने म्हणाल्या, "बरं." डॉक्टर ताडकन सरळ उठून बसले, आणि लगेच कंबर धरून कोसळल्याचा असा काही अभिनय केला की वहिनींना रडूच आलं. वहिनी नापास.

"पेशंट म्हणेल ते ऐकायचं नसतं गं," वन्सं घरी जाताना फणकारल्या. "तुझ्या तोंडाला 'नाही' फुटतच नाही. आता एकच संधी आहे, वहिनी. डॉक्टर तिसरी देत नाहीत."

वहिनी म्हणाल्या, "बरं."

तर असा तो दुसऱ्या परीक्षेचा दिवस. वन्सं हाताची घडी घालून कोपऱ्यात उभ्या. बाहेर बाकड्यावर मान आखडलेला एक धिप्पाड ट्रकवाला आपल्या पाळीची वाट बघत होता. आणि दारातून डॉक्टर आले ते हमाल बनून, डोक्याला टॉवेल गुंडाळून, घोगऱ्या आवाजात. "बाई, दिवसभर वजन उचलतो बघा. असं!" म्हणत त्यांनी कोपऱ्यातलं कागदाच्या गुंडाळ्यांचं खोकं खरोखरच उचललं, तेही कमरेत वाकून, अंग पिळून. लोकांना जे करू नका म्हणून रोज कानीकपाळी ओरडायचे, नेमकं तेच.

"आई गं!"

खोकं धाडकन खाली पडलं. वन्संनी टाळी वाजवली. "वा! या वेळी तर कमालच केली, डॉक्टर!"

वहिनींना टाळी वाजवावीशी वाटली नाही. पेशंट दुखतंय म्हणाला की दुखतंय, असं त्यांना शिकवलं होतं. त्यांनी डॉक्टरांना आधार देऊन बाकापर्यंत नेलं, कुशीवर निजवलं, गुडघ्यांमध्ये उशी दिली आणि ठरलेले प्रश्न सुरू केले. "पायात मुंग्या? कुठे बधिर वाटतंय? लघवीवर ताबा आहे ना?"

"अहो, हे प्रश्न मीच तुम्हाला शिकवलेत!"

"म्हणूनच विचारतेय. सांगा."

"नाही, नाही, आहे! सगळं ठीक आहे." हमालाचा घोगरा आवाज कुठल्या कुठे पळाला होता. कपाळावर घाम होता. डॉक्टर हळूच म्हणाले, "वहिनी, नाटक संपलं. खरंच चमक भरलीय. पण बाहेर तो ट्रकवाला केव्हाचा बसलाय. उठवा मला."

वन्संच्या हाताची घडी सुटली.

"पडून राहा, डॉक्टर," वहिनी म्हणाल्या.

"ऐका. तुम्ही पास! आत्ता, या क्षणी पास. आजपासून कायम. झालं? आता उठवा."

वहिनींना जे हवं होतं ते समोर ठेवलं होतं. त्यासाठी त्यांना फक्त तो एक जुना, सवयीचा शब्द उच्चारायचा होता. तो ओठांवर आलाही.

"आणि नाही उठवलंत, तर नापास! तिसरी संधी नाही, माहीत आहे ना?"

"वहिनी, अगं, साहेब सांगतायत तर..." वन्सं कुजबुजल्या.

वहिनींनी डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाही."

"काय?"

"नाही म्हटलं. उठायचं नाही. मला नापास करा, घरी पाठवा, पण या बाकावर आहात तोवर तुम्ही माझे पेशंट आहात. वन्सं, डॉक्टरांच्या वर्गमैत्रिणीला, त्या दुसऱ्या कायरोप्रॅक्टर बाईंना, फोन लावा. लगेच या म्हणावं."

आणि वन्सं, ज्यांनी जन्मात वहिनींचं काही ऐकलं नव्हतं, "बरं" म्हणून फोनकडे धावल्या.

वहिनी बाहेर आल्या. "डॉक्टरांची पाठ धरलीय. आज ते तपासणार नाहीत. त्यांच्या जागी दुसऱ्या डॉक्टरीण बाई येतायत, थांबायचं तर थांबा."

ट्रकवाला कळवळला. "ताई, तुम्हीच द्या की मान जरा मोडून. रोज बघताच ना तुम्ही."

"नाही," वहिनी म्हणाल्या. दुसऱ्यांदा तो शब्द अगदी सहज आला. "ते माझं काम नाही. शेक देते, तो घ्या."

डॉक्टरीण बाईंनी डॉक्टरांना नीट तपासलं. स्नायू दुखावला होता, विश्रांतीने बरा होणार होता. मग बाहेरच्या ट्रकवाल्याकडे एक नजर टाकून त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "या अवस्थेत उठून त्या पहाडावर जोर लावला असतास, तर महिनाभर अंथरुणात पडला असतास. कुणी अडवलं तुला?"

डॉक्टरांनी पडल्या पडल्या वहिनींकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "मघाशी पास केलं होतं ती लाच होती, ती रद्द. आता खरं सांगतो, इतकी चांगली परीक्षा इथे कुणी दिली नाही." आणि मग, शाळेतल्या पोरासारखं, "वहिनी, आता उठू का?"

"कुशीवरून," वहिनी म्हणाल्या. "हळू."

संध्याकाळी दोघी घरी निघाल्या. वहिनींच्या छातीवर नावाची नवी पट्टी होती आणि ती काढून पर्समध्ये ठेवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. आनंद नुसता उतू जात होता. वन्संही खुशीत होत्या. "मी म्हणतच होते, तुला जमेल! बरं, वहिनी, रविवारी माझ्याकडे पाहुणे आहेत. सकाळी लवकरच ये."

वहिनी चालता चालता थांबल्या आणि वन्संकडे बघून प्रसन्न हसल्या.

वन्संना पुढचा शब्द ऐकावाच लागला नाही. "राहू दे," त्या घाईघाईने म्हणाल्या. "मीच करते. तू जेवायला ये."

"बरं," वहिनी म्हणाल्या.